आयराचा अम्मपारा

लोणावळा,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नूर,

सलाम. घरी सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण जीभ शाबूत आहे, हे तूच म्हणशील म्हणून आधीच लिहून टाकते. इथे थंडी सुरू झालीय. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या एवढ्या असतात की भाजी आणायला मी शुक्रवारीच बाहेर पडते.

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की मी भाषण करते आणि तू "गिऱ्हाईक आलंय आपा" म्हणून ठेवून देतोस. व्हॉइस मेसेज पाठवला तर तो तू दुकानात मोठ्यानं लावणार, आणि खिळे घ्यायला आलेला माणूसही आपल्या घरचं ऐकणार. हे तुझ्याशिवाय कुणी ऐकायचं नाही. शेजारचा गोरख उद्या सकाळी ड्युटीला तुमच्या आंबीला येतोय, त्याच्या हाती पाठवते. अक्षर मोठं काढलंय. वयामुळे, असं समज. वाक्यं छोटी ठेवलीत, आणि मला ते किती जड जातं हे तुला ठाऊक आहे. ओळींमध्ये जागा सोडलीय. थोडं थोडं वाच. रविवारपर्यंत वेळ आहे.

नूर, ज्यांची ज्यांची पोरं शाळेत शेवटच्या बाकावर बसवली जातात, त्या सगळ्या आई-बापांचं दुखणं एकच असतं. त्यात आयराचा बाप म्हणून तू आलास, आई म्हणून उमेरा आली, आणि बापाची बहीण, फुफी म्हणून मीही आले. आपल्या पोरीला कुणी शिकवलंच नाही, आणि वर तीच शिकत नाही असं आपल्याला ऐकवलं. पालकसभेत मुख्याध्यापक काय म्हणाले ते तूही ऐकलंस. "मुलगी गुणी आहे, पण आठवीत येऊन वाचन शून्य. हिच्यासाठी थांबलो तर बाकीच्यांचं काय? तुम्ही वेगळी शाळा बघा." वेगळी शाळा! ती मावळात कुठं आहे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. गावात एकच विहीर असावी आणि आपल्या लेकराला सांगावं की तू दुसऱ्या विहिरीचं पाणी पी, तसं हे झालं.

तू खाली बघत बसलास. मी उठले. कायदा सांगितला, हक्क सांगितला, शाळा कुणाच्या पैशावर चालते ते सांगितलं. मागच्या चार बायांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना टेम्पोत तू म्हणालास, "आपा, माईक नव्हता तरी तुझा आवाज देहूरोडपर्यंत गेला असेल. पण उद्या वर्गात कोण बसणार? तू का आयरा?"

मला राग आला होता. पण तुझं खरं ठरलं. सोमवारी वर्गात बाईंनी तिला उभं केलं. "तुझ्या फुफीनं एवढं सांगितलंय, आता वाच बघू." पोरगी पुस्तक धरून उभी राहिली. पोरं हसायला लागली तरी उभीच होती. त्या दिवसापासून ती शाळेत गेलेली नाही. आणि तू उमेराला सांगून मोकळा झालास की येत्या सोमवारी दाखला काढून आणतो, पोरगी घरी राहील, शिवण शिकेल.

मी बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण तो कुठं बोलायचा हे मला कळलं नाही, आणि त्याचा त्रास तिला झाला. उमेराकडून कळल्यापासून हे मला खातंय.

आता त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीचं सांगते. तू अर्धंच ऐकून फोन ठेवलास. "माझ्या पोरीला वेडी ठरवू नकोस," म्हणालास. म्हणून पुढचं ऐक.

आयरा माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला भांगरवाडीत अनिताताईंकडे नेलं. त्या विशेष शिक्षिका आहेत. ज्या मुलांची शिकण्याची रीत वेगळी असते त्यांना शिकवतात. दवाखाना नाही, पांढरा कोट नाही. एक खोली, सतरंजी, रव्याची परात. रव्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढता काढता त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. आयरानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, हा रवा नंतर शिऱ्याला वापरता का?" अनिताताई म्हणाल्या, "तू नीट गिरवलंस तर वापरू." दोघींचं तिथंच जमलं.

ताईंनी तिला धडा वाचायला दिला. ती प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर बघते आणि पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देते. अंदाज चुकला की थांबते, घामेजते, आणि मग काहीतरी गमतीचं बोलून विषय बदलते. तोच धडा मी वाचून दाखवला. पचनसंस्थेचा होता. एकदा ऐकून तिनं तो सगळा परत सांगितला, तोंडापासून आतड्यापर्यंत, एक पायरी न चुकता. वर म्हणाली, "फुफी, तू वाचलंस की जठर पण सभेत उभं राहिल्यासारखं वाटतं." हिला वेडी कोण म्हणेल? हिच्या डोक्यात शिरायचा दरवाजा कानाकडून आहे, आणि शाळा वर्षानुवर्षं डोळ्याच्या खिडकीवर धडका मारतेय.

ताई म्हणाल्या की रीतसर तपासणी सरकारी रुग्णालयात करून घेऊ. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो. हे उपकार नाहीत. ज्याची नजर कमी त्याला चष्मा लावू देतो तसंच आहे. आणि वाचनही सुधारतं. हळू सुधारतं, पण सुधारतं. दर शनिवारी यावं लागेल.

तेव्हा मी ताईंना एक गोष्ट सांगितली. म्हटलं, हिला वाचता येत नाही असं कसं? हिचा अम्मपारा झालाय. त्यांना समजावून सांगितलं, की अम्मपारा म्हणजे कुराणाचा शेवटचा हिस्सा. आमच्यात मुलांना आधी तोच देतात. शिकवणारी उस्तानीबी पुढे म्हणते, मुलं मागून म्हणतात, बोट ओळीवर फिरत राहतं. पुरा झाला की घरात खुशी करतात. आमच्या घरी सगळे हेच म्हणत आले, की जी पोरगी अरबी वाचते तिला मराठी यायला काय झालं, आळस आहे नुसता.

ताईंनी एवढंच विचारलं, "तिला कधी मधलीच एखादी ओळ वाचायला सांगितलीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयराला जवळ घेतलं. अम्मपारा उघडला आणि पानाच्या मधोमध बोट ठेवलं. म्हटलं, इथून म्हण बेटा. ती हळूच म्हणाली, "मधूनच येत नाही, फुफी. सुरुवातीपासून येतं."

नूर, मी खोलीभर पुस्तकं वाचलेली बाई. तिचा अम्मपारा ऐकून सगळ्यात मोठ्यानं "माशाअल्लाह" मीच म्हटलं होतं. तिचं पाठांतर खरं आहे, त्यात खोट काही नाही. अल्लाहनं दिलेली याददाश्त आहे ती. आपण मात्र तिच्या पाठांतराला वाचन समजलो, आणि मग तेच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं.

इथं मी दोनदा पेन खाली ठेवलं. पण लिहिते.

तिच्या खुशीचा दिवस आठव. तुझं घर भरलं होतं. आयरा नव्या ओढणीत बसून म्हणत होती, बोट फिरत होतं, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. एका जागी तिचं म्हणणं पुढं गेलं आणि पान मागंच राहिलं. कुणाला कळलं नाही. उस्तानीबीचेही डोळे मिटलेले होते. तू मात्र पुढं वाकलास आणि हलकेच तिचं पान उलटलंस, जणू ओढणी सारखी करतोयस. मी समोरच बसले होते. मला वाटलं, बाप किती लक्ष देऊन ऐकतोय.

आता कळतं तुला ते का दिसलं. त्या खोलीत ते फक्त तुलाच दिसू शकत होतं.

तुझ्याही अम्मपाऱ्याला अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पुढच्या वर्षी तू शाळेत मागं पडलास तेव्हा अब्बा म्हणाले, "कुराण पढणारा पोरगा मराठी वाचत नाही म्हणजे हट्टी आहे." त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता दुकानाची चलनं उमेरा लिहिते. बँकेत तुझा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. लग्नाची पत्रिका आली की तू ती हातात फिरवून म्हणतोस, "अरे वा, कुणाकडची?" आम्ही कुणी काही म्हणत नाही. हे सगळं प्रेमापोटीच चाललंय. पण आपण ते इतकं नीट झाकलंय की एका घरात राहून आयराला ते दिसलेलं नाही.

अक्षर वयामुळे मोठं काढलेलं नाही, नूर. अनिताताईंनी सांगितलं तसं काढलंय. मला माहीत आहे, हे पत्र तू एका बैठकीत वाचणार नाहीस. माळ्यावर जाऊन, शब्दाखाली बोट धरून वाचशील. मला त्याची लाज वाटत नाही. तुलाही वाटू नये असं मला फार वाटतं.

आणि दाखला का काढतोयस तेही मला कळतं. तुला तिचं शिक्षण नकोसं नाहीये. तिला तशी उभी राहिलेली तुला बघवत नाही. तू तिथं उभा राहिलेला आहेस.

आता सगळ्यात अवघड तेवढं राहिलं. अनिताताईंनी तपासताना आयराला विचारलं, "घरात अजून कुणाला वाचायला असं जड जातं का गं? बऱ्याचदा घरात कुणीतरी असतं." आयरा लगेच म्हणाली, "छे! आमच्यात सगळे हुशार. अब्बू एवढं दुकान चालवतात. बिघडलेली मी एकटीच." हसत म्हणाली. मान मात्र खालीच होती.

मी शेजारी बसले होते. तोंडाशी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. ती गोष्ट माझी नव्हती. ती तुझी आहे.

शाळेशी मी भांडेन, त्याची तू काळजी करू नकोस. या वेळी सभेत नाही. अनिताताईंना बरोबर घेऊन, मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लावून आणि आवाज खाली ठेवून. तिला पुन्हा कुणी उभं करणार नाही असं लेखी घेईन. शनिवारी तिला आणायचं-पोहोचवायचंही माझ्याकडे. पण दाखला निघाला तर भांडायला काही उरणार नाही. आणि ती शाळेत राहिली तरी, मी एकटीच बिघडलेली आहे असं मानून राहिली, तर ना रव्याच्या परातीचा उपयोग, ना जादा वेळाचा. तिच्या मनातून ते काढणं माझ्या जिभेला जमणारं नाही. मी कितीही चांगलं बोलले तरी मी पडले घडाघडा वाचणारी.

म्हणून एकच मागते. रविवारी दुपारी दुकानाचं शटर ओढ. आयराला जवळ बसव. उमेरा तिथं असेल तर असू दे. आणि तुझ्या तोंडानं तिला सांग, "मलाही नीट वाचता येत नाही. मीही ऐकूनच पाठ करायचो." बस, एवढंच. उपदेश जोडू नकोस, तो माझ्याकडे भरपूर आहे. ती रडली तर रडू दे. काही विचारलं तर खरं सांग. मग दाखल्याचं तिलाच विचार, आणि ती म्हणेल तसं कर. ती नको म्हणाली तर मी भांडणार नाही, हा माझा शब्द.

उमेराला दुवा.

रविवारी संध्याकाळी फोन जवळ ठेवून, एकदाची गप्प बसलेली,

तुझी आपा,
अमिना