बरणीवरचं कुकू

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

बरणी सापडत नाही. ओट्याखाली पाहिलं, देव्हाऱ्याच्या मागे पाहिलं, परसात जाळीपाशीही पाहिलं. नाही.

काल प्रवरासंगमला ह्यांचा दहावा झाला. सकाळी निघताना बरणी फडताळात होती — मी स्वतः पाहिली. प्लॅस्टिकची, लाल मसाल्याने पाऊण भरलेली. वर चिकटपट्टीवर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं — कुकू.

केनियात कोंबडीला कुकू म्हणतात. हे तिथल्या साखर कारखान्यात सहा वर्षं पॅनमन होते, उसाचा रस आटवून साखर पाडणारे. चिकन भाजायला कँटीनमधल्या बाईकडून शिकले. तिला सगळे 'मामा' म्हणत — तिकडे मामा म्हणजे आई! सोनईला परत आले ते मिरचीचं बी खिशात घेऊन. कुंपणाला झाडं लावली. ड्रम अर्धा कापून वर जाळी बसवली. रविवारी म्हणायचे, "आज कुकू करू." मी म्हणायची, कुकू लावतात, करत नाहीत. दर वेळी हसायचे. एकाच विनोदाला तीन वर्षं.

मसाला एकटेच कुटायचे. प्रमाण कुणाला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

२ ऑगस्ट

आक्काबाईंना विचारलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, घर दोन वावरं पलीकडे.

"कुकवाची बरनी व्हय? मीच नेली गं संगमावर. दिली सोडून पान्यात. तुला आता काय करायची?"

"आक्का, तो मसाला होता."

"मसाल्याच्या बरनीवर कुकू कोन लिवतंय!"

परवा कपाळ पुसलं तेही त्यांनीच. पदर ओला करून, दोनदा. एकदा पुसून गेलं नाही म्हणून.

हे असते तर म्हणाले असते, संगमातल्या माशांना ठसका लागला असेल. मला हसू आलं नाही.

९ ऑगस्ट

लिहूनच टाकते. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. ह्यांनी भाजलं, ताटली माझ्यापुढे आणून ठेवली. मी म्हटलं, डोकं दुखतंय. आणि वर म्हटलं, "जळकं लागतं मला ते." दहीभात खाऊन आडवी झाले. ताटली सकाळी कुत्र्याला घातली.

मंगळवारी झटका आला. चहा अर्धा राहिला.

मधल्या दिवसात बोललो असूच — दूध, लाईट बिल. पण मला आठवतं ते जळकंच.

३० ऑगस्ट

कुंपणाची मिरची लाल झाली. बोटाच्या पेराएवढी. तोडली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सहादेवदादा बांधावरून गेले. ह्यांचे थोरले भाऊ, आक्काबाईंचे मालक. आत आले नाहीत. आत येतच नाहीत.

सासूबाई वारल्या तेव्हा हे केनियात होते. सीझन चालू, सुट्टी मिळाली नाही. दादांनी तेव्हापासून आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. "आईला खांदा द्याया आला न्हाई, त्याच्या हातचं खाऊ का मी?" चारचौघांत म्हणायचे. रविवारी धूर दिसला की बांधावरून मोठ्याने — "चाललं का आफ्रिकेचं जळकं कोंबडं!"

मग तोच शब्द मीही वापरला. दोघांनी मिळून.

हे मात्र पहिली तंगडी ताटलीत झाकून दादांकडे पाठवायचे. दर रविवारी. झाकण न उघडता परत यायची. मी म्हणायची, कशाला पाठवता? "पाठवायची माझी पाळी, खायची त्याची."

दहा दिवस सगळे विधी दादांनी केले. डोळ्यात टिपूस नाही. दगड!

२८ सप्टेंबर

सृष्टीचा फोन. नागापूरला कंपनीत असते, तिथेच खोलीवर राहते. "आई, दसरा झाला की पप्पांचं चिकन करू."

"मसाला कुठाय?"

"बनव. तुझ्या नाकाला आठवत असेल."

नाकाला! हे कुटायला बसले की मी दार लावून घ्यायची.

३ ऑक्टोबर

मिरची तोडली. लसूण, लिंबू, तेल घालून ठेचली. ह्यांचा तिखट सॉस जमला. हात अजून जळतायत.

मसाला जमत नाही. मिरचीपूड घरचीच; धणे, मिरी, सुंठ, भाजलेले शेंगदाणे — एवढं नक्की, मीच दुकानातून आणायची. तीनदा कुटला. तीनदा वेगळाच वास. काहीतरी राहतंय. जे राहतंय ते पाण्यात गेलं. आक्कांचा राग येतो. फार येतो. लिहायलाही लाज वाटते इतका.

५ ऑक्टोबर, रविवार

सृष्टी आली. निखारे तिने केले, चिकनला मसाला मी लावला. धूर डोळ्यात गेला. उलटायला उशीर झाला, एक बाजू काळी. सृष्टीने तोंडात घातलं. चावत राहिली.

"सांग ना."

"छान आहे." म्हणजे नाही.

सवयीने पहिली तंगडी ताटलीत झाकली. सृष्टी देऊन आली. ताटली परत येईल म्हणून मी वाट पाहत होते — दादाच आले. ताटली हातात, झाकण काढलेलं! अंगणात उभ्यानेच खात होते. हाड चोखलं. मग म्हणाले,

"सुंठ जादा झालीया. आन् लिंबाची साल न्हाई. वाळवून, कुटून घालायची ती."

सृष्टी म्हणाली, "मोठे पप्पा, तुम्ही कधी खाल्लं होतं पप्पांचं?"

दादांनी ताटली पायरीवर ठेवली. चप्पल नीट न घालताच गेले.

लिंबाची साल! फडताळावर वाळत असायची. मी दोनदा कचरा म्हणून फेकली होती.

पण दादांनी ह्यांच्या हातचं एकदाही खाल्लं नाही. मग त्यांना कसं कळलं?

संगमात काही सोडलं नव्हतं. बरणी त्यांच्या घरात आहे.

७ ऑक्टोबर

आक्कांच्या दारावरून दोनदा गेले. आत गेले नाही. काय म्हणू? चोर म्हणू?

९ ऑक्टोबर

आक्काबाईच आल्या. पदराखाली बरणी. बसल्या नाहीत.

"पान्यात सोडवली न्हाई, तुला खोटं बोलले. घरी झाकान काढलं तवाच कळलं मला, मसाला हाय. आनून देनार हुते. आमच्या ह्यांनी दिऊ दिली न्हाई. रोज भाकरीवर घ्यायचे, भिताडाकडं तोंड करून. डोळं पुसायचे आन् मला म्हनायचे, तिखट हाय."

"आहे का थोडा?"

"परवा सपला."

माझ्यासाठी चिमूटभरही ठेवला नाही. तेवढ्यात त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. जड लागली.

"रिकामी कशी द्यायची म्हनून भरलीया. वर लिवलंय त्येच घातलंय. पुसलं मीच गं. लाव म्हनायला बी मीच पायजे."

वर न बघता गेल्या.

झाकण उघडलं. बोट बुडवलं. आरशात न बघता लावलं.

बरणी नीट धुतलेली नाही. कपाळ चुरचुरतंय.