भावी विभागप्रमुखाचा कोट

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. जागा : कपाटात, मोज्यांच्या खाली.

कारण, आमचे विभागप्रमुख वर्षअखेरीस रिटायर होतायत. खुर्ची रिकामी होणार. सीनिऑरिटीने पहिला मीच. काम काय, सगळेच करतात. मला कमी आहे ती फक्त पर्सनॅलिटी. म्हणजे आहे, पण स्वेटरमधून दिसत नाही. गेल्या दोन्ही खेपेला खुर्ची दुसऱ्यानेच पटकावली आणि दोन्ही खेपेला मी स्वेटरमध्ये होतो. या वेळी नाही तर कधीच नाही, असं ही म्हणते. बायकोचं म्हणणं सहसा मनावर घेत नाही, पण हे घेतलं.

निश्चय : मुलाखतीआधी एक क्लासिक कोट घेणे, पोट कमी करणे, पहाटे उठणे.

३ नोव्हेंबर, सोमवार
पहाटे उठणं जमलं नाही. थंडी फार. कोट असता तर उठलो असतो.

ऑफिसात दिवसभर इंटरनेटवर कोटांचा अभ्यास. विषय अथांग आहे. खांदा हा कोटाचा प्राण. बाही, कंबर, लांबी, सगळं शिंपी कमीजास्त करतो, खांदा करता येत नाही. समोरच्या टेबलावरच्या मफलरने (बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव) विचारलं, तिमाही रिपोर्ट झाला का. म्हटलं, मी महत्त्वाच्या कामात आहे. मग त्यानेच करून टाकला. त्याला कामाची हौस आहे. असते एकेकाला.

५ नोव्हेंबर, बुधवार
हिला योजना सांगितली. ही स्टुलावर चढली आणि माळ्यावरच्या पेटीतून बाबांचा कोट काढला. राखाडी, जाड लोकरीचा. ही म्हणाली, कापड बघा, अजून कसं आहे. बाबा दर हिवाळ्याच्या आधी त्याला ऊन दाखवायचे, गॅलरीत उभे राहून ब्रश करायचे, तेच मी करत आले. अस्तर तेवढं बदलून घ्या, झालं.

घालून पाहिला. खांदे बरोबर बसले. अगदी बरोबर. पण कोपरावर चामड्याचं ठिगळ! शिवाय बाबा आयुष्यभर कारकून. हिला म्हटलं, हा कोट घालणारा कारकूनच राहतो, पुरावा घरातलाच आहे. ही स्टूल जागेवर ठेवायला गेली. बिनतोड मुद्दा असला की माणसं कामाला लागतात. कोट खाली कपाटात माझ्या शर्टांशेजारी टांगून ठेवला हिने, विचार करा म्हणून.

९ नोव्हेंबर, रविवार
घेतला! नेव्ही ब्लू, तीन बटणांचा. दुकानदार म्हणाला, एक साइज मोठा बघा. त्याला माझ्या निश्चयाची काय कल्पना? कोट मी आजच्या पोटासाठी घेत नाहीये, महिन्यानंतरच्या पोटासाठी घेतोय. खांद्याला किंचित काचतो, पण खांदे माणसाने कोटाच्या मापाचे करावेत. ही म्हणाली, श्वास घेऊन दाखवा. घेतला. सोडून दाखवा म्हणाली तेव्हा विषय बदलला.

१० नोव्हेंबर, सोमवार
डाएट सुरू.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसात टायपिस्टबाईंचा वाढदिवस. केक. नाही म्हणणं बरं दिसत नाही, दुसऱ्यांदाही नाही. डाएट येत्या सोमवारपासून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कोटाची निगा. हँगर रुंद खांद्यांचा हवा, तारेचा चालत नाही. ब्रश नेहमी वरून खाली. दोन बटणांतली धूळ काढायला दाढीचा ब्रश वापरला. सुरकुत्या काढायला कोट बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याची वाफ द्यावी. दिली. सगळं गरम पाणी संपलं, तेव्हा ही आणि कन्या दोघींनीही दाराबाहेरून बरंच काही ऐकवलं. कन्येने कोटाचं नाव जावईबापू ठेवलंय. जावईबापूंना वाफ, जावईबापूंना कव्हर, जावईबापू झोपले का. आजच्या पिढीला वस्तूंची किंमतच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ
आज एक भयंकर गोष्ट वाचली. कसर! लोकर खाणारी अळी. रातोरात कोटाची चाळण करते म्हणे. ऑफिस सुटल्यावर धावत जाऊन डांबरगोळ्या आणल्या. किती ठेवायच्या ते वाचलं होतं, मूठभर की चिमूटभर ते आठवेना. मूठभर ठेवल्या. प्रत्येक खिशात. ही कपाट उघडून शिंकली आणि बंद करून शिंकली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मोठ्या मनाचं काम केलं. बाबांचा कोट मफलरला देऊन टाकला. कपाटात जागा हवीच होती, शिवाय जुन्याची कसर नव्याला लागली तर? मफलरही मुलाखतीला बसतोय, हे त्यानेच सांगितलं. बिचारा, त्या आखूड स्वेटरवर! म्हटलं, हरायचंच आहे तर ऊब घेऊन हर. हे अर्थात मनात. तो कोट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. अहो, खरंच देताय का, असं पुन्हा पुन्हा विचारलं.

हिला घरी आल्यावर सांगितलं. ही भाजी चिरत होती. हात थांबला. बाबांचा होता हो, एवढंच म्हणाली. म्हटलं, बाबांचा हात देताना सढळच होता, त्यांनाही आवडलं असतं. जेवताना भाजीत मीठ नव्हतं. मी मोठेपणाने मागितलंही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कोट पहिल्यांदा ऑफिसात! काय तो प्रभाव. लिफ्टमध्ये शिरलो तर सगळे भिंतीला चिकटले. एक जण पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेला. मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, लोक मागे उभे राहिले पण बसले नाहीत. याला म्हणतात दबदबा. मी बोलत असताना टायपिस्टबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या साहेबांनी स्वतः उठून खिडकी उघडली, एवढ्या थंडीत. माझ्यासाठीच.

नियम आहे की कोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवावं. मी तिन्ही उघडी ठेवतो. जास्त क्लासिक.

१ डिसेंबर, सोमवार
मोठ्या साहेबांनी जिन्यात थांबवून विचारलं, घरी पेस्ट कंट्रोल केलंत का? घरची इतकी चौकशी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. खुर्चीत कोणाला बसवायचं ते ठरलेलं दिसतंय. हिला सांगितलं. हिने उठून खिडकी उघडली.

डाएट आता मुलाखतीनंतरच.

८ डिसेंबर, सोमवार. मुलाखत
सकाळी ताज्या गोळ्या भरल्या. रुबाब राखायला मधलं बटण लावलं. ते लागलं म्हणजे डाएटचा परिणाम दिसतोय.

आत तिघे. दोन साहेब, एक बाई. बाहेर कडाक्याची थंडी आणि यांच्या खिडक्या सताड उघड्या. बसलो तर बटण तुटलं आणि टेबलावर टणकन आपटलं. मी हसत रुमाल काढला, रुमालाबरोबर दोन डांबरगोळ्याही आल्या आणि घरंगळत थेट बाईंच्या बुटापाशी. बाई म्हणाल्या, तुमची पेपरमिंट पडली, आणि उचलून देऊ लागल्या. मग हात नाकाजवळ गेला.

तिमाही रिपोर्टाबद्दल विचारलं. म्हटलं, तपशिलात शिरणं हे प्रमुखाचं काम नव्हे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पटलं असावं. मला फार वेळ बसवून ठेवलं नाही. निर्णय आधीच झालेला असला की असंच असतं.

नंतर मफलर. बाबांच्या कोटात. नवं अस्तर, कोपरावर नवं चामडं, ब्रश केलेला. लांबून बरा दिसला. त्याला आत पुष्कळ वेळ ठेवला. रगडला असणार चांगला.

१५ डिसेंबर, सोमवार
मफलर.

१६ डिसेंबर, मंगळवार
काल लिहवलं नाही. साहेबांनी बोलावून घेतलं होतं. तळघरातल्या जुन्या रेकॉर्डला कसर लागलीये म्हणे, तिथे अनुभवी माणूस हवा, तुमचा या विषयातला अनुभव आम्हा सगळ्यांना जाणवला आहे. उद्यापासून तिथे.

हिला सांगितलं, स्वतंत्र खोली मिळाली.

५ जानेवारी, सोमवार
तळघरात थंडी फार. कोटाची बटणं लागत नाहीत, त्यामुळे पुढून गारठतो. मात्र कसर गेली, हे मान्य करायला हवं.

आज सही घ्यायला वर गेलो. प्रमुखांच्या केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. राखाडी कोट. ते खांदे. एक हात पाठीमागे. गॅलरीत ब्रश हातात घेऊन बाबा असेच उभे असायचे. मी चटकन उठून उभा राहिलो. हाक ओठांवर आली होती.

तो वळला. मफलरच. गळ्यात मफलर नाही आता. धावत आला, म्हणाला, अहो बसा बसा, मला बघून कसले उठता, तुम्ही सीनियर आहात. पलीकडे टायपिस्टबाई आणि सगळे बघत होते. कोणीतरी खुसखुसलं. यांना वाटलं, मी लाळघोटेपणा करतोय. करतोय असं वाटलं तर वाटू दे, खरं काय ते कोणाला सांगणार? मफलर म्हणाला, मुलाखतीत साहेबांनी पहिलं हेच विचारलं, एवढा चांगला कोट कुठला. तुमच्या वडिलांचा म्हणून सांगितलं त्यांना. मी म्हटलं, खांद्याला बसलाय. सही घेऊन खाली आलो. फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर कोट काढून खुंटीला अडकवला. हँगर घ्यायचं सुचलं नाही. ही म्हणाली, असा काय टाकलात, कपाटात ठेवा. आता जागा आहे तिथे.