दीड मिनिटाची शेळी

२ डिसेंबर, सोमवार
आमच्या बुद्धप्रियानं पियानोची धून रचली! सहावीत! नाव ‘आजीची शेळी’. गावाकडे, लोह्याला, माझ्या आईची शेळी दुसऱ्याच्या ज्वारीत शिरते, हाकलली की टणाटण उड्या मारते, शेवटी साळसूदपणे बेंऽऽ करते. एकूण दीड मिनिट. गॅदरिंगला दोघांनी वाजवायची. डावीकडचे चारच सूर, शेळीची चाल. ते पप्पांनी वाजवावेत म्हणाली. माझ्या नीटच्या क्लासमुळे मी तिच्या एकाही गॅदरिंगला गेलेलो नाही. रडूच आलं. लगेच टाइमटेबल केलं.

५ डिसेंबर, पहाटे ५
शेकडो पोरं नीटला काढली, चार सुरांचं काय! लातूर पॅटर्नच लावायचा. आधी थिअरी, मग टेस्ट सिरीज. कीबोर्डला तूर्त हात नाही. कच्च्या तयारीत हात लावला की चुकीची सवय लागते.

११ डिसेंबर
शेळीवर दोनशे एमसीक्यू काढले. (ज्वारीत शिरताना डावा हात कुठं? वगैरे.) बुद्धप्रिया म्हणाली, पप्पा, एकदा बसा ना वाजवायला. म्हटलं, सिलॅबस संपू दे.

१७ डिसेंबर
पहिली सराव परीक्षा. निगेटिव्ह मार्किंगसकट दोनशेपैकी १९४. पहिला आलो. ज्योत्स्ना म्हणाली, काय करून राहिलात हे? चार बटनं हायत, दाबा की. बायकोला पॅटर्न कळत नाही. आता फक्त सिली मिस्टेक्स काढायच्या.

२१ डिसेंबर
रिव्हिजन. बुद्धप्रिया आता बसा म्हणत नाही. आतल्या खोलीत एकटीच वाजवते, दोन्हीकडचं. माझ्या तयारीवर विश्वास बसला असावा.

२३ डिसेंबर
१९८! उद्या गॅदरिंग. क्लासला सुट्टी दिली. कोट इस्त्रीला.

२४ डिसेंबर
स्टेजवर तिच्या शेजारी बसलो. शेळी निघाली. प्रत्येक सुराचं उत्तर मला येत होतं, पण समोर पर्याय नव्हते. बोट उचललंच नाही. बुद्धप्रियाचा डावा हात माझ्यासमोरून आला आणि चारही सूर वाजवून गेला. हॉल शेळीला पोटभर हसला. मी हात मांडीवर ठेवून बसलो. नंतर हेडसरांनी विचारलं, तुम्ही नोटेशनची पानं उलटायला होतात का? पानं नव्हतीच. फार लाज वाटली. पण पोरगी काय वाजवते! घरात तीन आठवडे वाजवत होती, मी प्रश्न काढत होतो.

येताना स्कूटीवर मागून म्हणाली, पुढच्या वर्षी खाली खुर्चीवर बसा पप्पा. पण या.