नरसिंहरावांचे बंगले आणि आमची एकादशी

बसवनगुडी, बेंगळूर
बुधवार, फाल्गुन, १९५८

तीर्थरूप सौ. अनुसूयाक्का हिला धाकट्या हयवदनाचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (वाकवत नाही, म्हणून).

तुझी, भावजींची आणि धारवाडच्या सगळ्या मंडळींची तब्येत ठीक असावी. भावजींचा खोकला थंडीबरोबर गेला ना? माझ्या तब्येतीची चौकशी करू नकोस. हे पत्र मी दोन उशांवर बसून लिहितो आहे, आणि याला कारण तू सुचवलेले स्थळ.

मुलीचे वडील नरसिंहराव यांनी मला रविवारी पाहिले. चारचौघे मुलाला घरी बोलावतात, नोकरी विचारतात, कॉफी देतात आणि सोडतात. हे गृहस्थ जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते होणाऱ्या जावयाला सायकलवर बसवून पाहतात. पंचेचाळीस मैल, अक्का! हेब्बाळ, येलहंका, तिथून पूर्वेला वळून मारतहळ्ळीवरून परत, आणि वाटेत जुन्या साहेबांचे आणि दिवाणांचे बागबंगले. साठीचा माणूस पुढे, सव्वीस वर्षांचा मी मागे. चढ आला की मागे वळून म्हणायचे, “स्वल्पच राहिलंय, चला!” त्यांचे स्वल्प म्हणजे सात मैल, हे मला हेब्बाळच्या चढावरच कळले.

पहिला बंगला कुणा कर्नलसाहेबाचा. छप्पर बसलेले, दिवाणखान्यात म्हैस. नरसिंहरावांनी सायकलवरून उतरून टोपी काढली आणि मला खिडक्या मोजायला लावल्या (बावीस, पैकी काच दोन खिडक्यांना. हे ज्ञान मी कचेरीत कुठे वापरू?). दुसरी एका साहेबाची द्राक्षबाग, येलहंक्याच्या अलीकडे. द्राक्षे नाहीत, वेल नाहीत, नुसते दगडी खांब. त्या खांबांमधले अंतर त्यांनी पावलांनी मोजले आणि बरोबर निघाले म्हणून त्यांना इतका आनंद झाला, की तिथेच सावलीला बसून त्यांनी डबा उघडला. पुळियोगरे! त्या चिंचेच्या भाताचा वास पार रस्त्यापर्यंत गेला. म्हणाले, “आमच्या पद्मावतीनं पहाटे उठून केलंय. खा की!”

आणि त्या दिवशी एकादशी होती.

म्हणजे आपल्या मठाच्या पंचांगाप्रमाणे. निघताना अप्पांनी दारात येऊन बजावले होते, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मला वाटले, तेही आपल्यासारखेच, तेही उपाशीच असतील. पण त्यांचा मठ दुसरा, पंचांग दुसरे, त्यांची एकादशी सोमवारी! रविवारी त्यांची दशमी, एकदाच जेवायचे, ते पोटभर. आता सांग, मी काय करावे? खावे तर धर्म बुडाला, न खावे तर मुलीच्या हातचे नाकारले. मी हात जोडून एकादशी सांगितली. ते म्हणाले, “सरी. राहू द्या,” आणि माझ्यासमोर आपला वाटा चवीने खाल्ला. माझा वाटा झाकण लावून तसाच हँडलला टांगला. शनिवार दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हते, आणि तो डबा पुढच्या वीस मैलांत माझ्यासमोर हलत होता.

तिसरा बंगला मारतहळ्ळीजवळ, कुणा दिवाणाच्या वंशजांचा. ओसाड गावाबाहेर एवढा मोठा जिना बांधणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल मी काही लिहीत नाही. तो पाहून आम्ही निघालो, आणि डबा जसाच्या तसा भरलेला त्यांच्या घरी परत गेला. असल्या विक्षिप्त माणसाच्या उंबऱ्याशी मी पुन्हा जाणार नाही. अप्पांनाही स्थळ नको आहे. एका स्वयंपाकघरात दोन पंचांगे चालायची नाहीत, म्हणतात. प्रश्न मिटला. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हयवदन

ता. क. डबा भरलेला परत गेला असे वर लिहिले आहे. तो रिकामा गेला. तिसऱ्या बंगल्याचा जिना मोजायला ते रखवालदाराबरोबर आत गेले, तेव्हा मी फाटकाआड उकिडवा बसून सगळे पुळियोगरे खाल्ले, शेंगदाणे वेचून वेचून. ते बाहेर आले, डबा उचलला, त्यांना तो हलका लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हनुवटीला चिंच होती. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “स्वल्पच राहिलंय, चला.” एवढेच. आपल्या दारात येऊन मात्र अप्पांना मोठ्याने सांगितले, की तुमच्या मुलाने पंचेचाळीस मैलांत पाण्याचा थेंब घेतला नाही. अप्पा हे सगळ्या गल्लीला सांगत आहेत. काल मठात दोन म्हाताऱ्यांनी मला नमस्कार केला. फार लाज वाटते, अक्का.

आणखी ता. क. शुक्रवारच्या गाडीने तू ये. अप्पा फक्त तुझे ऐकतात. त्यांना सांग, की मी दर पंधरवड्याला दोन्ही पंचांगांच्या दोन्ही एकादश्या करीन, आणि या वेळी खरोखर करीन. जन्मात खोटे न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटे बोलला. मला त्याच घरचा जावई व्हायचे आहे. पद्मावतीला मी अजून पाहिलेसुद्धा नाही.