वीतभर फट

२१ नोव्हेंबर, मंगळवार

०.३८!

माझ्या हाताखालच्या मेंगने दोनदा मोजलं. पुढच्या दारात लाल कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला, तो घरातली हवा बाहेर ओढत राहिला आणि मी धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीशी फिरले. धूर कुठेच हलेना! सरकारी दाखल्याला ०.६ च्या आत यावं लागतं — एवढ्या ओढीतसुद्धा तासाभरात घरातली अर्ध्याहून थोडी जास्त हवा बदलली तर चालते. आपली तेवढीही नाही. मेंग म्हणाला, "मॅडम, आता माशी आत शिरली तर तिला अर्ज करूनच बाहेर पडावं लागेल."

पंचवीस वर्षं लोकांच्या घरांच्या फटी बुजवल्या. हे पहिलं माझं स्वतःचं.

अधिकारी शेवटच्या चाचणीला १२ डिसेंबरला येणार. खिडक्यांच्या कडा झाकणाऱ्या काही फळ्या अजून लागायच्या आहेत. पण आईला त्याआधीच आणायचं ठरवलं. गेल्या हिवाळ्यात तिच्या जुन्या घरात तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर स्पष्टच बोलले — आणखी एकदा गारठली तर तिच्याने झेपणार नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आई आली. चपला काढायच्या आधीच —

"रानही, चूल कुठे?"

"चूल नाही, आई."

"मग जमीन गरम कशी?"

"विजेवर. यंत्र आहे."

"आग कुठेच नाही?"

"काडी ओढायचीसुद्धा गरज नाही."

तिने जमिनीला तळहात लावून पाहिला. मग खिडकीच्या कडेकडेने बोटं फिरवली, अगदी मी फिरवते तशी. "वारा कुठून येतो?"

"येतच नाही!" मी छाती फुगवून सांगितलं. मेंग हसला. ती हसली नाही.

सामानात दोन गाठोडी आणि मुळ्याच्या आंबट पाण्याची बरणी. कोळशाचा विषारी गॅस चढलेल्याला पाजायचं ते पाणी. चव्वेचाळीस वर्षं ती बरणी तिने कधी रिकामी होऊ दिलेली नाही. नव्या घरात पहिल्या दिवशी माणसं काय काय आणतात, हिने हे आणलं.

२६ नोव्हेंबर

बाहेर उणे नऊ. आईच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी. बंद केली.

२७ नोव्हेंबर

उघडी. बंद केली.

२८ नोव्हेंबर

उघडी. आई समोर कुडकुडत बसलेली, ओठ निळे. "श्वास घेतेय," म्हणाली. हवा बदलायला छतात यंत्र आहे, दिवसरात्र चालतं, हे मी किती वेळा सांगू! तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढला.

२ डिसेंबर, शनिवार

कधी लिहिलं नाही ते लिहून टाकते. नाहीतर माझा राग मलाच कळणार नाही.

मी सहा वर्षांची. खाणकामगारांच्या चाळीत आमची एक खोली. चुलीत जळणाऱ्या कोळशाच्या वड्यांची ऊब जमिनीखालून फिरायची. चुलीकडची जागा सगळ्यात गरम — तिथे ग्युसोक, माझा भाऊ, दोन वर्षांचा, सगळ्यांचा जीव की प्राण. मध्ये आई. आणि दाराशी मी. फटीतला वारा थेट माझ्या कानात शिरायचा.

त्या वर्षी थंडी फार होती म्हणून आईने भाताची खळ करून दाराला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एकूण एक फट बुजवली. चुलीजवळ जमिनीला बारीक चीर गेली होती, ती कुणाला दिसली नाही. सकाळी बाबा खाणीतून आले तेव्हा ग्युसोक गुलाबी दिसत होता म्हणे, गाढ झोपल्यासारखा. बाबांनी आईला आणि मला ओढत अंगणात आणलं. मला आठवतो तो बर्फ, तोंडात ओतलेलं आंबट पाणी, आणि आईला धरून बसलेली मावशी. त्याच्या आधीचं काहीच आठवत नाही. गॅसने पुसलं, असं डॉक्टर म्हणाले होते.

पट्टी आईने लावली हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. तीच सांगायची, कुणी न विचारता. "मी लावली, माझ्या हातांनी." बाबा त्यानंतर मरेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. जेवायचे, ताट सरकवायचे, उठायचे. बावीस वर्षं!

लाज वाटते लिहायला, पण अजून डाचतं — गरम जागा त्याला आणि दार मला. माझ्या हाडातून ती थंडी कधी गेलीच नाही. हा धंदा मी उगाच नाही धरला.

५ डिसेंबर

गॅस ओळखणारं यंत्र आणून तिच्या उशाशी लावलं. "गॅस आला की हे बोंबलतं. येणार नाहीच म्हणा, घरात जाळायलाच काही नाही!"

"ह्याला नाक आहे?"

"आहे."

"नाक मलाही होतं."

दुपारी मला "ताई" म्हणून हाक मारली. मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. हे गेल्या वर्षीपासून अधूनमधून होतं, पण या घरात आल्यापासून वाढलंय. मी हटकत नाही. थोड्या वेळाने तिची तीच ठिकाणावर येते.

८ डिसेंबर, शुक्रवार

तिच्या खिडकीची मूठ काढून घेतली. कपाटात ठेवली, कुलूप लावलं. आईला कोंडणारी मुलगी! पण उणे बाराच्या हवेत तिला मरू द्यायचं का? वृद्धांच्या इस्पितळाचा अर्जही आणून ठेवलाय. तिथे आठ जणींत एक खोली, आणि हातपाय बांधतात असं ऐकलं. घर बांधलं ते एवढ्याचसाठी, की तिथे तिला टाकावं लागू नये.

मुठीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. फार शहाण्यासारखी वागतेय. मी पण भोळी, समाधान मानून बसले.

१२ डिसेंबर, मंगळवार

०.८७.

अधिकारी म्हणाला, पुन्हा मोजा. पुन्हा ०.८७. मी घामाघूम. धुराची कांडी घेऊन निघाले, बैठक ठीक, स्वयंपाकघर ठीक, आईच्या खोलीच्या दारात धूर सरळ आडवा झाला. पडदा बाजूला केला. तिच्या खिडकीला फळ्या लागायच्या राहिल्या होत्या. चौकटीभोवतीची पट्टी खालपासून वरपर्यंत सोललेली, फटीत भरलेला फोम खरवडून काढलेला. तिच्या गादीखाली पितळी चमचा सापडला. भाताची खरवड काढून काढून एका बाजूने झिजलेला, माझ्या लहानपणापासूनचा.

मेंगने वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, "मॅडम, उंदीर शिकलेला दिसतो, अगदी सरळ रेषेत कुरतडलंय." कुणी हसलं नाही. पुढची तारीख जानेवारीत.

सगळे गेल्यावर मी आईवर तुटून पडले. तोंडात येईल ते. शेवटी ते बोलले, जे आजवर कधी बोलले नव्हते — "दाराला पट्टी कुणी लावली होती? मी? तू लावलीस! ग्युसोक तुझ्या हाताने गेला, त्याची शिक्षा मला का? मी आयुष्यभर थंडीत का बसू?"

आई हळूच म्हणाली, "हो. मीच लावली."

एवढंच. मग उठून माझ्यासाठी भात वाढला. मी जेवले नाही.

१३ डिसेंबर

मेंगबरोबर पट्टी नव्याने लावली. आई दारात उभी राहून माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. कोपऱ्यावर अंगठा दाबून फिरवला तेव्हा म्हणाली, "अजून तसाच दाबतेस."

"कसा?"

"काही नाही ग."

मेंग म्हणाला, आजीबाई भरकटल्या. असेल. कालच्याबद्दल माफी मागायची होती. त्याच्यासमोर कसं बोलणार? उद्या मागेन.

१४ डिसेंबर

दिवसभर साइटवर होते. नाही मागितली.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी सातला तिची गादी रिकामी. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आई बाहेरच्या बाकावर, कापूस भरलेलं जाकीट घालून, मांडीवर मुळ्याच्या पाण्याची बरणी. पाणी गोठून बरणीला तडा गेलेला. कधीपासून बसली होती, देव जाणे.

घरात बावीस अंश, बाहेर उणे सतरा. दाखल्याच्या कागदावर हे दोन्ही आकडे शोभून दिसले असते.

उचलताना तिचं काहीच वजन लागलं नाही. गाडी येईपर्यंत तिला आत जमिनीवर निजवलं तर माझी बाही धरून पुटपुटत होती, "पोरीला बाहेर काढ, आधी पोरीला बाहेर काढ." मी म्हटलं, आई, मीच रानही, मी आहे ना इथे! ऐकायला आलं नसावं.

१८ डिसेंबर

दोन्ही फुप्फुसं. डॉक्टर डोळ्यांत बघून बोलत नाहीत. इतका राग येतोय, आणि कुणावर काढायचा तेच समजत नाही. हिच्यावर? माझ्यावर? त्या चमच्यावर?

१९ डिसेंबर

शुद्ध नाही. मेंग येऊन गेला, तिच्यासाठी मोजे घेऊन. दहा मिनिटं बसला, एकही विनोद केला नाही. मी तिच्या कानात माफी मागितली. आता काय उपयोग!

२१ डिसेंबर, गुरुवार

दुपारी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, आलीस?"

हो, म्हटलं.

"ताई, पट्टी मी लावली असंच सांगायचं हं. तिच्या बाबांनाही. मी पाण्याला गेले तेवढ्यात पोरीने एकटीने लावली ग, उरलेल्या खळीने, कोपरे अंगठ्याने दाबून दाबून. 'बघ आई, आता कानात वारा येत नाही!' — किती खूश होती. मी शाबास म्हटलं तिला. तू रानहीला कधी सांगणार नाहीस ना?"

नाही सांगणार, म्हटलं.