माझं मनगट आणि ट्रकचे पाटे

३ फेब्रुवारी
मिनी ट्रक कुरकुरतोय. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधली रबरी बुशं गेली आहेत. रविवारी लहरताऱ्याला मुंज, सौ. शरदिनीची केटरिंगची पहिली मोठी ऑर्डर. मिस्त्रीकडे नेऊ म्हणाली. म्हटलं, गरज नाही. उभा जन्म रेल्वेत गेला माझा. पार्सल ऑफिसात होतो, पण डबे डोळ्यांसमोरूनच जायचे ना!

४ फेब्रुवारी, दुपार
मच्छोदरीला ट्रक जॅकवर चढवला. चाकं लोंबकळत होती. नवी बुशं घातली, सगळे बोल्ट आवळले. जीव खाऊन. मेहुणा उल्हास पुस्तिका वाचत उभा. म्हणे, जीजाजी, आधी चाकं जमिनीवर टेकवा, पाट्यांवर वजन येऊ द्या, मग शेवटचं आवळा, नाहीतर रबर पिळवटतं. शिवाय जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच हवा म्हणे. मनगट दाखवलं. त्याने पुस्तिका मिटली.

संध्याकाळी
ट्रक ताठ उभा आहे. शरदिनी म्हणाली, एकाच बाजूने.

६ फेब्रुवारी
रामनगरला माल टाकून आलो. कुरकुर परत. बुशाचं रबर फाटून लोंबतंय. आजकाल रबरात दम नाही. उल्हास म्हणतो, वजन घेऊन गाडी पळाली की पाटे आसाला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. एकदा आवळलं की आवळलं! पुन्हा तपासणं हे संशयी स्वभावाचं लक्षण आहे.

८ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही.
कॅन्ट स्टेशनच्या पुलाखाली मागचा आस एका अंगाला सरकला. चाक मडगार्डला घासून धूर. कढीचं पातेलं कलंडलं, निम्मी कढी रस्त्यावर. शरदिनीने उरलेली पातेली खाली उतरवायला घेतली. उल्हासने ई-रिक्षा थांबवल्या. श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन ती निघून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी धूर राखत बसलो. रस्ते कसले आहेत या शहरात!

९ फेब्रुवारी
जेवण वेळेवर झालं. कढी कमी पडली, यजमानीणबाईंनी सांभाळून घेतलं. शरदिनी खोलीत जाऊन रडली. उल्हासने सगळे बोल्ट नवे आणले. रेंच मागून आणला. ट्रक जमिनीवर उतरवला, वर पोती ठेवली, मग आवळले. चक्कर मारून आला, पुन्हा तपासले. मी सूचना करत होतो. किल्ली आता त्याच्याकडे असते.

१२ फेब्रुवारी
मुंजीची भांडी आणायला गेलो. उल्हास चालवत होता, शरदिनी शेजारी, मी मागे पातेल्यांत. खड्डे जाणवतच नव्हते. चार दिवसांनी शरदिनी काहीतरी ऐकून हसली. मूड चांगला दिसला म्हणून मागच्या खिडकीतून म्हटलं, उल्हासने शेवटचा हात फिरवला खरा, पण पाया माझाच.
तिने गाडी थांबवायला सांगितली.
लहरताऱ्याहून मंगला गौरीला घरापर्यंत चालत आलो. ट्रकचा आवाज खरंच येत नाही. मला उतरवून गेला तेव्हा कळलंसुद्धा नाही.