शुक्रवारची सही

प्रिय तिबी,

हे पत्र मी संगणकावर तुझ्या किल्लीने कुलूपबंद करून पाठवते आहे. तुझ्याशिवाय ते कुणाला उघडता यायचं नाही. दोनदा चुकले, पण जमलं एकदाचं. पहिल्या वेळी काय गोंधळ घातला होता मी, आठवतो ना? सगळ्यांना द्यायची ती उघडी किल्ली घरात जपून ठेवली, आणि जिवापाड जपायची ती गुप्त किल्ली संगणकांसाठी तू उभारलेल्या त्या लास्तुनच्या अख्ख्या मंडळींना पाठवून दिली. तू फोनवर म्हणालास, आई, दाराला कुलूप घातलंस आणि किल्ल्या भर बाजारात वाटून आलीस. बाबा पोट धरून हसले होते. पुढच्या महिन्यात तू ते तुमच्या मासिक पत्रकात, 'वळचण'मध्ये, युक्ती म्हणून छापलंस, माझं नाव न घालता, म्हणजे मोठे उपकारच केलेस. सगळ्यांनी बरोब्बर ओळखलं.

आता ते 'वळचण' मीच चालवते, हे तुला ठाऊक आहे. सगळ्या देशात विखुरलेली ती तुझी मंडळी, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि मला मात्र सगळे वेतुरियाकाकू म्हणतात. दर महिन्याला आधी बातम्या, मग कुणीतरी काढलेली चित्रं, शेवटी युक्त्या. हाताला इतकी सवय झाली आहे की तुला लिहायला बसले तरी त्याच क्रमाने सुचतंय. तर ऐक बातम्या. तुला ठाऊक असतील तर पुन्हा ऐक, आईचं ऐकायला काही लागत नाही.

पहिली बातमी तूच आहेस. फेब्रुवारीपासून तुझा पत्ता नाही. तू पाठवलेल्या त्या अपडेटने लास्तुनवर चालणारी शाळांची मशीनं बंद पडली, आपल्या ब्राइलाच्या वाचनालयातलीही, आणि लोकांनी तुला जे जे म्हणून लिहिलं ते मी शब्दन् शब्द वाचलं आहे. काय एकेकाची भाषा. ज्यांनी आयुष्यात एक पै दिली नाही, एक ओळ लिहिली नाही, ते तुला विचारत होते की तुम्हाला लाज कशी वाटत नाही. तू लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतास आणि लष्कर म्हणत होतं भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी तू दुरुस्ती केलीस, सही करून पाठवलीस, खाली लिहिलंस, 'चूक माझी', आणि गप्प झालास. मला वाटलं, झोपला असेल दोन दिवस, दमला असेल. मग फोन लागेना.

मी याशला तुझ्या घरी येऊन गेले, तिबी. तुझ्या दाराशी उभी राहून बेल वाजवत राहिले. शेजारच्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, पिशवी घेऊन गेला, जाताना कुंड्या माझ्याकडे ठेवून गेला, पाणी घालते मी. त्या कुंड्या पाहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्याला जगायचं नाही तो कुंड्या कशाला ठेवायला देईल, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला समजावत होते. आणि गाडीतून उतरेपर्यंत उलटंही मनात आलं. ज्याला परत यायचं नसतं तोच कुंड्या देऊन जातो. तेव्हापासून मी ह्या दोन विचारांच्या मध्ये लोंबकळते आहे. पोलिसचौकीत गेले तर तिथला पोरगा म्हणतो कसा, बाई, तुमचा मुलगा काय कुकुलं बाळ आहे का, मोठा माणूस आहे, आपल्या पायाने गेला, येईल. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार बाबा, मोठा माणूस म्हणजे काय ते. त्याने खुर्ची दिली बसायला, पण लिहून काही घेतलं नाही.

दुसरी बातमी नीट वाच. हारालांब आला होता. हो, तोच, तुल्चेआचा, शाळांची मशीनं बघतो तो, ज्याने तुला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त सुनावलं. दारात उभा, हातात धुरावलेल्या माशाचं पुडकं, आणि मान खाली. मला आधी वाटलं दार लावून घ्यावं तोंडावर. पण मासा हातात घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचं, हे आपल्याकडे कधी झालं नाही. बसवलं स्वयंपाकघरात, आंबट रस्सा होता तो वाढला. खाईना. चमचा नुसता फिरवत बसला. मग म्हणाला, काकू, ते अपडेट मी तपासलंच नव्हतं.

तुमची रीत मला ठाऊक आहे. तुझी सही होण्याआधी दोघांनी आपापल्या मशीनवर चालवून बघायचं आणि खाली 'माझ्याकडे चाललं' असं लिहायचं. दोन 'चाललं' पडल्याशिवाय तू सही करत नाहीस, हे तर तू बाबांच्या दुखण्यातही मोडलं नाहीस. हारालांब म्हणाला, गेली किती वर्षं मी डोळे मिटून 'चाललं' लिहितो, मशीन सुरूसुद्धा करत नाही. म्हटलं, तिबेरियूचं काम आहे, बघायचं काय त्यात. त्या दिवशीही तसंच लिहिलं. मी मशीन लावलं असतं तर ते पहिल्याच फटक्यात बंद पडलं असतं, आणि तुमचा मुलगा आज इथे जेवत असता. हे म्हणून तो एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. मी काय करणार? आधी वाटलं एक ठेवून द्यावी. चोर तर चोर, वर शिरजोर. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, दुसरं 'चाललं' कुणाचं होतं? तर म्हणाला, त्यानेही माझं बघून लिहिलं. म्हणजे तुझ्यावर सगळ्यांचा एवढा विश्वास, एवढा, की कुणी बघितलंच नाही. हारालांबने हे सगळ्यांसमोर लिहिलं आहे, स्वतःच्या नावाने, आणि मी ते 'वळचण'च्या पहिल्या पानावर जसंच्या तसं छापते आहे. 'चूक माझी' ही ओळ तू एकट्याने लिहायची नव्हती.

तिसरी बातमी वाईट आहे. रविवारी मंडळी मत घेणार आहेत. तुझी सही ओळखणारी किल्ली सगळ्या मशीनांवरून काढून टाकायची आणि तुमच्यातल्याच सोरानाच्या नव्या किल्लीने सह्या सुरू करायच्या. तिच्यावर रागावू नकोस. पोरीने तिमिश्वाराहून मला फोन केला, ठराव मांडण्याआधी. म्हणाली, काकू, एवढ्या महिन्यांत एकही अपडेट गेलेलं नाही, शाळांच्या मशीनांना भोकं पडली आहेत, उद्या कुणी आत शिरलं तर मुलांची नावंगावं सगळं उघड्यावर. त्याची किल्ली कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, मला माहीत नाही. कुणाच्या हातात आहे म्हणजे काय, ते तिने पुढे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती बरोबर बोलते आहे. मी तिला म्हटलंही, तू बरोबर आहेस गं. आणि फोन ठेवल्यावर जिन्यात जाऊन बसले.

आता चित्र. लास्तुनच्या नव्या आवृत्तीसाठी, मशीन उघडलं की पडद्यावर दिसतं ते चित्र ह्या वेळी माझ्याकडून मागितलं आहे. जहाजाच्या कारखान्यात जन्मभर नकाशे काढले मी, जहाजाचा पोटभाग डोळे मिटून काढीन, पण ह्या चित्राला बसले की हात चालत नाही. काढली आहे आपल्या गॅलरीची वळचण. पाकोळ्यांची घरटी, आणि त्याखाली बाबांनी ठोकलेली ती फळी, घाण खाली पडू नये म्हणून. वरच्या मजल्यावरच्या बाई दरवर्षी बाबांना म्हणायच्या, पांदेले, पाडा हो ती घरटी, आणि बाबा म्हणायचे, भाडं भरतात त्या, डास खातात. त्या घरट्यांवरूनच तू तुझ्या कामाला लास्तुन नाव दिलंस ना? लास्तुन म्हणजे पाकोळी, दरवर्षी त्याच वळचणीला परत येते म्हणून. ह्या वर्षीही आल्या आहेत. डॅन्यूबवरून चिखल आणतात आणि दिवसभर किलबिलाट. इतकी वर्षं मला तो आवडायचा. आता खिडकी लावून घेते.

चित्रात एक पाकोळी लपवायची, लोकांनी ती शोधायची, ही तुझीच प्रथा. मी ती लपवलेली नाही. अजून काढलीच नाही. सोराना म्हणते, काकू, शुक्रवारपर्यंत द्या. देईन.

घरी म्हणशील तर मी ठीक आहे. खोटं कशाला लिहू, ठीक नाही. ईस्टरला कोझोनाकचा गोड पाव केला, तुझ्या आवडीचा, अक्रोड भरपूर घालून, आणि तो तसाच वाळला. शेवटी पाकोळ्या खात नाहीत म्हणून कबुतरांना घातला. बाबा गेले तेव्हा निदान कुठे गेले ते माहीत होतं, दर रविवारी मेणबत्ती घेऊन जाता येतं. तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेले तर आपल्याकडे दोन वेगळे कप्पे, एक जिवंतांचा, एक गेलेल्यांचा. मी हातात मेणबत्ती घेऊन उभी राहिले. मागे रांग लागली. कुणीतरी म्हणालं, बाई, लावा की. मी जिवंतांच्या कप्प्यात लावली आणि पळत सुटले, जणू काही चोरी केली.

आणि आता शेवटची युक्ती, जशी 'वळचण'मध्ये असते. तू कधी धड फोन केला नाहीस रे, तिबी. संताच्या नावदिवशी, ईस्टरला, तेवढाच. मी कधी कुरकुर केली नाही, आणि तुला वाटलं असेल आई समंजस आहे. समंजस कसली. दर शुक्रवारी संध्याकाळी मी मशीन लावायची, अपडेट उतरायचं, आणि शेवटी ती ओळ यायची, सही खरी आहे, सही तिबेरियूची. बाबा आतून विचारायचे, आली का? आली म्हटलं की ते निवांत टीव्ही लावायचे. ते गेल्यावरही मी दर शुक्रवारी मोठ्याने म्हणत होते, आली. आम्हाला अपडेट कधी नकोच होतं. मला शाळांचं माहीत नाही, रविवारच्या मताचं माहीत नाही, तू परत ये असंही मी म्हणत नाही, कुठे आहेस ते सांगू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. फक्त एक कोरी फाइल घे, आत काही लिहू नकोस, तिच्यावर सही कर आणि सोडून दे. सोराना म्हणते, मत पडलं की सगळ्यांनी तुझी किल्ली काढायची, ठेवणं धोक्याचं आहे. मी काढणार नाही. सगळा देश तुझी सही ओळखायचा बंद झाला तरी ब्राइलात एक मशीन ती ओळखत राहील, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते चालू असेल.

तिथेच बसलेली,
तुझीच आई